सांडलेले तीन मार्क

दाऊदभाईंना इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढची सगळी गोष्ट बारावीच्या इंग्रजीच्या पेपरांची आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं की माणूस मोठा विद्वान असेल. तसलं काही नाही. याच इंग्रजीनं त्यांना ऐन विशीत लागोपाठ तीनदा आपटलं होतं. चौथ्यांदा बसायची छाती झाली नाही. मग त्यांनी काय करावं? बोर्डाच्या ऑफिससमोरच्या फुटपाथवर, कडुनिंबाखाली, एक घडीचं टेबल टाकलं आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसले. चाळीस वर्षं तिथंच बसले. ज्यानं बुडवलं त्याच्याच दारात दुकान मांडणारा माणूस एक तर फार हट्टी असतो, नाही तर त्याला दुसरीकडं जायला जागा नसते. दाऊदभाईंच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

इंग्रजी येत नसलं तरी त्यांना लाल शाई वाचता येत होती. पुढं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळायला लागली तेव्हा त्यांच्या या विद्येला भाव आला. नापास पोराचा बाप झेरॉक्स घेऊन टेबलापाशी यायचा. दाऊदभाई चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे, पानं एकेक उलटायचे आणि आतले मार्क बोटांच्या पेरांवर मोजत जायचे. उत्तरात काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आतले मार्क किती आणि वरच्या पानावरच्या चौकटींत किती उतरलेत, एवढंच बघायचं. फरक सापडला की लाल पेन्सिलीनं गोल करायचा आणि म्हणायचं, ‘हे बघा, सांडले होते.’

त्यांचं म्हणणं असं की पेपर तपासणाराही माणूसच. मे महिन्याचं ऊन, समोर गठ्ठे, घरी पाहुणे. शेत कापताना कणसं सांडतात तसे पेपरात मार्क सांडतात. दोन-तीन तर कुणाच्याही पेपरात सांडलेले असतातच. सरवा वेचणारा पाहिजे. यावरून त्यांचं नावच ‘तीन मार्कवाले दाऊदभाई’ पडलं. पिशोरच्या कडूबांचा मुलगा इंग्रजीत तेहतीसला अडकला होता. दाऊदभाईंनी पुरवणीतलं एक अख्खं उत्तर मोजायचं राहिलेलं शोधून काढलं आणि पोरगा पास झाला. तेव्हापासून दर भादव्यात कडूबा मक्याची कणसं घेऊन यायचे आणि टेबलावर ओतून, चहा पिऊन, एक शब्द न बोलता परत जायचे.

उत्तरात जीव आहे की नाही हे बघायचं काम इंद्रजीत सरांचं. सरांचा क्लास क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. फेरतपासणी मागायची तर विषयाच्या शिक्षकाचा लेखी अभिप्राय लागतो. तो सर द्यायचे. दोघांची वाटणी वर्षानुवर्षांची होती. बेरीज दाऊदभाईंची, उत्तरं सरांची. माणूस आधी कडुनिंबाखाली यायचा, मग दुसरा मजला चढायचा. सरांनी कधी बेरीज केली नाही आणि दाऊदभाईंनी कधी उत्तर वाचलं नाही. कुणी कुणाच्या हद्दीत पाय ठेवला नाही.

आणि दाऊदभाईंचा दुसरा एक गुण म्हणजे जीभ. समोरच्याला काय वाटेल याची फिकीर त्यांनी कधी केली नाही. पोरानं पेपरच कोरा सोडला असेल तर बापाच्या तोंडावर म्हणायचे, ‘मामा, वेचायला आधी पेरलेलं असावं लागतं. घरी जा.’ घरात सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा आवडाबाईंचा होता. या बाईंच्या लेकीला इंग्रजीत छत्तीस होते आणि बाईंना ते वाढवून हवे होते. दाऊदभाईंनी मोजलं तर आतले भरले तेहतीस. तपासणाऱ्याच्या हातून तीन मार्क जास्त पडले होते. म्हणजे पोरगी खरी नापास. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, झेरॉक्सची घडी घातली आणि बाईंच्या हातात कोंबत म्हणाले, ‘आवडाबाई, हा कागद ट्रंकेच्या तळाला ठेवा. वर गोधड्या ठेवा. आन् परत बोर्डाचं नाव काढू नका.’ बाईंनी ऐकलं. ती लेक आज अंगणवाडीत शिकवते. दाऊदभाई हा किस्सा सांगून हसायचे आणि त्यांची नात अरफा त्यांच्याबरोबर ‘वर गोधड्या ठेवा’ हे वाक्य एका सुरात म्हणायची.

मग सगळं मोबाइलवर आलं. अर्ज मोबाइलवर, झेरॉक्स मोबाइलवर, निकाल मोबाइलवर. दाऊदभाईंच्या टेबलावर कडुनिंबाचा पाला पडायला लागला. उत्पन्नाच्या दाखल्याचे, रहिवासी दाखल्याचे फॉर्म भरायला कुणीतरी यायचं. झेरॉक्स घेऊन वर्षाकाठी चार-दोन माणसं. तरी ते रोज सकाळी टेबल उघडायचे. लाल पेन्सिल तासून ठेवायचे.

घरात तिघं होती. दाऊदभाई, त्यांची लेक अख्तरी आणि अख्तरीची अरफा. अरफाचा बाप ती लहान असतानाच दुसरा संसार थाटून मोकळा झाला होता. त्याच्याबद्दल घरात बोलत नसत. अख्तरी बजाजनगरच्या एका कारखान्यात डबे भरायच्या कामावर होती. सकाळी सहाच्या बसनं जायची आणि संध्याकाळी पाय ओढत यायची. त्या घरात बारावी पास कुणीच नव्हतं. दाऊदभाई तीनदा हरलेले, अख्तरीची शाळा नववीत सुटलेली.

अरफा मराठी शाळेत शिकली. घरात दखनी, बाहेर मराठी आणि दोन्हींची खिचडी ती मजेत बोलायची. पण इंग्रजीची बाई समोर आली की तिची दातखीळ बसायची. दोन वर्षं ती इंद्रजीत सरांच्या क्लासला गेली. सरांनी पत्रं, जाहिराती, आवाहनं पाठ करून घेतली. घरात भाकरी थापताना ती रक्तदानाचं आवाहन इंग्रजीतून घडाघडा म्हणायची. दाऊदभाईंना त्यातलं अक्षर कळायचं नाही. तरी ते मान डोलवायचे.

निकाल लागला. इंग्रजी सदतीस. पंचवीस लेखी, बारा तोंडी. पस्तीसला पास, म्हणजे दोन वर! अख्तरीनं कारखान्यातून अर्धी रजा काढली आणि गल्लीत पेढे वाटले. मार्कलिस्ट हातात आल्यावर तिनं आधी त्या कागदाला प्लास्टिक चढवून आणलं आणि कपाटाच्या काचेच्या आत, बाहेरून दिसेल असं उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाणी द्यायच्या आधी कपाट दाखवायची. दाऊदभाई त्या दिवशी टेबलावर गेलेच नाहीत. आपण तीनदा आपटलो ती भिंत आपल्या नातीनं ओलांडली, हे त्यांनी दिवसभरात मनातल्या मनात शंभर वेळा म्हणून बघितलं.

पण अरफाला नर्स व्हायचं होतं. नाशिककडच्या एका नर्सिंगच्या संस्थेत तिची मैत्रीण तनुजा आदल्या वर्षी लागली होती. तिथं राहायची सोय होती, शिकून झाल्यावर तिथल्याच दवाखान्यात कामाला घेत होते. अट एकच. इंग्रजीत चाळीस हवेत. अरफाला तीन कमी होते.

“तीनच ना!” अख्तरी म्हणाली. “अब्बा, लोकांचे तीन शोधता, घरचे नाय सापडणार?”

दाऊदभाई हसले. हॉस्टेल त्यांना पसंत नव्हतं. ‘इत्ती लांब कायकू? शहरात कॉलेजं नाहीत काय?’ असं ते महिनाभर कुरकुरत होते. पण तीन मार्क म्हटल्यावर त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. अरफाकडून त्यांनी झेरॉक्सचा अर्ज मोबाइलवरून भरून घेतला, स्वतः शेजारी बसून, एकेक रकाना तपासत. आठ-दहा दिवसांनी उत्तरपत्रिका मोबाइलवर आली. अरफा ती छापून घेऊन आली तेव्हा दाऊदभाईंनी खाटेवर वर्तमानपत्र अंथरलं होतं, लाल पेन्सिल तासली होती आणि चहाही करून ठेवला होता. सणासारखं चाललं होतं सगळं.

अरफा समोर बसली. तिनं वाटेतच आपली उत्तरं बघून घेतली होती आणि आवाहनाच्या उत्तरावर तिचा राग होता. “नाना, हे बघा. पूर्ण पानभर लिहिलंय. एकच मार्क!”

“ते सरांचं खातं. मला बेरीज करू दे.”

त्यांनी पहिला प्रश्न मोजला. अकरा. दुसरा प्रश्न कवितांचा. तिथं प्रत्येक उत्तरावर तिरपी रेघ होती आणि समासात शून्य. तिसऱ्याला दोन. चौथ्याला एक. झाले चौदा. दाऊदभाईंनी वरचं पान बघितलं. पहिल्या चौकटीत अकरा. दुसऱ्या चौकटीतही अकरा. मग दोन, मग एक. एकूण पंचवीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पुरवणी होती का बघितलं. नव्हती. तपासणाऱ्याचा हात वरच्या पानावर चुकला होता, पहिल्या प्रश्नाचे अकरा त्यानं दुसऱ्याच्या चौकटीतही लिहिले होते. चौदा लेखी, बारा तोंडी. सव्वीस. सवलतीचे गुणही तिथवर पोचत नाहीत.

आजवर त्यांनी हजारो पेपर बघितले होते. फरक सापडल्यावर गोल करायचा एकदाही राहिला नव्हता. आता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि अरफा त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

आता एवढंच म्हणायचं होतं, ‘बेटा, घडी घाल. वर गोधड्या ठेव.’ वाक्य तयार होतं, तोंडात घोळलेलं होतं, शेकडो लोकांना ऐकवलेलं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे पोरीला सांगायचं की तू पास नाहीस. तुझे पेढे, तुझ्या आईची अर्धी रजा, कपाटातलं ते प्लास्टिक, सगळं कुणाच्या तरी हाताच्या चुकीनं झालंय. घरात पहिल्यांदा कुणीतरी भिंत ओलांडली होती, आणि तीही ओलांडलेली नव्हती. दाऊदभाईंना ते सांगता येईना. जीभ म्हणून जी काय वस्तू त्यांच्याकडं होती ती टाळ्याला चिकटली.

“काही नाही याच्यात,” ते म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले. “बेरीज बरोबर आहे.”

“म्हणजे? एकपण नाय?”

“एकपण नाय. सोड तो नाद. इथंच काहीतरी शीक. कॉम्प्युटर शीक.”

अरफानं आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, “कुणाच्याही पेपरात तीन सांडतात म्हणता. माझ्याच पेपरात नाय सांडले?”

दाऊदभाईंनी चहा उचलला. तो गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

खरं सांगायचं तर इथं त्यांचं चुकलं आणि चुकलं ते प्रेमापोटी, म्हणून त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. पण दोष द्यायलाच हवा. ‘कॉम्प्युटर शीक’ म्हणाले नसते तरी एक वेळ चाललं असतं. अरफाला त्या एका वाक्यातून सगळा उलगडा झाला, तोही चुकीचा. नानांना मला हॉस्टेलला पाठवायचंच नाही. म्हणून त्यांनी मार्क शोधलेच नाहीत. परक्या पोरांसाठी पेपर तीनतीनदा पालथा घालणारा माणूस माझ्या वेळी पाच मिनिटांत ‘काही नाही’ म्हणतो, याचा दुसरा अर्थ काय?

झेरॉक्स मिळाल्यापासून फेरतपासणीच्या अर्जाला पाच दिवस असतात. दाऊदभाईंना वाटलं, पाच दिवस गप्प बसलं की विषय आपोआप मिटेल. पहिल्या दिवशी त्यांनी पोरीशी बोलायचं ठरवलं आणि ती भाकरी थापत होती म्हणून बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अख्तरी घरात होती. तिसऱ्या दिवशी अरफाच बोलेना. त्यांनी छापलेले कागद मात्र उचलून आपल्या पिशवीत ठेवले, जणू कागद लपवले की झालं. पेपर मोबाइलमध्येही आहे हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षं कागद हाच पुरावा मानलेला माणूस तो.

सातव्या दिवशी क्रांती चौकात फळांच्या गाड्यापाशी इंद्रजीत सर भेटले. सर मोठ्या खुशीत होते.

“दाऊदभाई, तुमच्या अरफाचं काम करून टाकलं बरं का. आवाहनाला मी कमीत कमी तीन मार्क धरलेत. विषय चुकलाय तिचा, पुस्तकांच्या देणगीचं मागितलं होतं आणि तिनं रक्तदानाचं लिहिलंय. पण मांडणी चोख आहे. अभिप्राय असा दणकून लिहिलाय की बघाच. तिनं माझ्यासमोरच मोबाइलवरनं अर्ज पाठवला.”

दाऊदभाईंनी गाड्याची दांडी धरली. “सर, बेरीज बघितली का तुम्ही?”

सर हसले. “बेरीज मी कशाला बघू? मी विचारलं तिला, नानांनी बेरीज बघितली ना? म्हणाली, बघितली, बरोबर आहे म्हणाले. मग तुमच्या बेरजेवर मी कधी बोट ठेवलंय?”

यात सरांचं काय चुकलं? पोरगीही खोटं बोलली नव्हती. दोन माणसांनी इतक्या वर्षांत एकमेकांवर टाकलेला विश्वास होता तो आणि नेमका तोच त्या पोरीच्या मुळावर आला.

दाऊदभाई तिथून थेट बोर्डाच्या ऑफिसात गेले. खिडकीवर निशामॅडम होत्या. पंधरा वर्षांची ओळख. दाऊदभाईंनी विचारलं, फेरतपासणीचा अर्ज मागं घेता येतो का?

“नाही येत. आणि हे तुम्ही मला विचारताय?” निशामॅडमना गंमत वाटली. “खाली बसून लोकांना तुम्हीच सांगता ना, मार्क वाढतील नाहीतर घटतील, एकदा पाठवलं की माघार नाही म्हणून.”

“व्हय. मीच सांगतो,” दाऊदभाई म्हणाले.

मग तीन आठवडे वाट बघण्यात गेले. आतातरी सांगायचं! पण आता सांगून काय होणार होतं? निदान तिला तीन आठवडे सुखाचे मिळोत, असं ते स्वतःला समजावायचे. सुखाचे कसले? अरफा त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. ताट वाढायची, पाणी द्यायची आणि उठून जायची. पण तनुजाशी फोनवर बोलताना तिचा आवाज खुलायचा. हॉस्टेलला कपाट मिळतं का, पांढरे बूट तिथंच घ्यायचे की इथून न्यायचे, रविवारी घरी सोडतात का. दाऊदभाई खाटेवर पडून हे सगळं ऐकायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर ते मशिदीत बसून राहिले. त्यांनी हात वर केले आणि काय मागावं? ज्यानं जन्मभर तपासणाऱ्यांच्या चुका पकडल्या, त्याच चुकांवर घर चालवलं, तो माणूस अल्लाकडं मागत होता की दुसऱ्या तपासणाऱ्याच्या हातूनही चूक व्हावी. वरचं पान न बघता त्यानं फक्त एक उत्तर बघावं आणि पुढचा पेपर घ्यावा. मागून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच मागितलं.

दुसरा तपासणारा डोळ्यांत तेल घालून तपासणारा निघाला. त्यानं आवाहनाला दोन मार्क वाढवले. इंद्रजीत सरांचा अभिप्राय फुकट गेला नाही. आणि वरच्या पानावरचे दुसऱ्या चौकटीतले अकरा त्यानं खोडून तिथं शून्य लिहिलं. सोळा लेखी, बारा तोंडी. अठ्ठावीस. अनुत्तीर्ण.

अरफानं निकाल मोबाइलवर बघितला तेव्हा दुपार होती आणि अख्तरी कारखान्यात होती. आधी तिला वाटलं दुसऱ्याच कुणाचा निकाल उघडला. तिनं बैठक क्रमांक पुन्हा टाकला. मग ती उठली, दाऊदभाईंच्या पिशवीतून तो छापलेला पेपर काढला आणि जमिनीवर बसून मोजायला लागली. नानांच्या मांडीवर बसून ती बेरीज शिकली होती, तशीच, पेरांवर. तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पहिली चौकट अकरा, दुसरी चौकट अकरा. कोपऱ्यात फिकट लाल पेन्सिलीनं बारीक आकडा लिहिलेला होता. चौदा. तो आकडा त्यांच्या हातचा होता.

दाऊदभाई दारात उभे होते.

“तुम्हाला माहीत होतं?” अरफानं विचारलं.

“हौ.”

ती रडली नाही. ती ओरडली असती, भांडली असती तर दाऊदभाईंना बरं वाटलं असतं. तिनं कागद सरळ केले, ओळीनं लावले आणि परत पिशवीत ठेवले.

अख्तरीला संध्याकाळी सांगितलं. तिला आधी काही समजेना. पास झालेली पोरगी नापास कशी होते, हे तिला तीनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती कपाटापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पण हे तर आहे ना आपल्याकडं? याच्यावर तर पास लिहिलंय.” दाऊदभाईंनी तिला सांगितलं की ते आता परत करावं लागतं. जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. हा नियमही त्या घरात त्यांनाच माहीत होता. जुलैच्या परीक्षेचे फॉर्म भरायची तारीख टळून गेली होती. पुढची परीक्षा फेब्रुवारीत. नाशिकची यादी तोवर कधीच लागून गेलेली असणार होती आणि अख्तरीनं कारखान्यातल्या मुकादमाला विचारूनही ठेवलं, ‘पोरगी मोकळी आहे, डबे भरायला घेता का?’ मुकादम हो म्हणाला होता. तिथं इंग्रजीची अट नव्हती.

सोमवारी आजोबा आणि नात बोर्डाच्या ऑफिसात गेले. ती मार्कलिस्ट अरफाच्या हातात होती. कडुनिंबाखाली टेबल घडी घालून झाडाला टेकवलेलं होतं, त्याच्या बाजूनं दोघं पुढं गेली. खिडकीपुढं सहा-सात माणसांची रांग होती. बहुतेक आनंदी चेहऱ्यांची. कुणाचे चार वाढले होते, कुणाचे सात. एका बाईनं दाऊदभाईंना ओळखलं आणि आपल्या मुलाला कोपरानं ढोसलं, “हे बघ, तीन मार्कवाले ते हेच.”

त्यांचा नंबर आला. निशामॅडमनी मान वर न करता हात पुढं केला. “दाऊदभाई, आज कुणाचं काम?”

“घरचं.”

निशामॅडमनी मार्कलिस्ट घेतली आणि उलटसुलट करून बघितली. “हे प्लास्टिक कशाला चढवलं? शिक्का मारता येत नाही याच्यावर. सोलून द्या.”

दाऊदभाई बाजूच्या बाकावर बसले आणि नखानं प्लास्टिकची कड उचकटायला लागले. अख्तरीनं चांगल्या दुकानातून जाड प्लास्टिक लावून घेतलं होतं. ते निघेना. कागद फाटेल म्हणून हलक्या हातानं, कोपऱ्याकडून, ते सोलत राहिले. अरफा शेजारी बसून त्यांच्या बोटांकडं बघत होती. महिनाभरात ती इतक्या जवळ बसली नव्हती.

“नाना,” ती म्हणाली, “आवडाबाईला तुम्ही एका दमात सांगितलं होतं.”

दाऊदभाईंची बोटं थांबली.

“मलापण तसंच सांगायचं होतं. गिऱ्हाईक समजून. मी घडी घातली असती. वर गोधड्यापण ठेवल्या असत्या.”

खिडकीतून निशामॅडमनी हाक मारली, “झालं का?” अरफानं त्यांच्या हातातून मार्कलिस्ट घेतली आणि राहिलेलं प्लास्टिक एका झटक्यात ओढून काढलं. कागदाचा एक कोपरा प्लास्टिकबरोबर गेला. तिनं उरलेला कागद खिडकीतून आत दिला आणि पोच घ्यायला थांबली.